देवाशिवायचा रविवार : एका कार्यक्रमपत्रिकेची चिकित्सा

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या तिघाचौघांनी गेल्या दोन महिन्यांत साधारण एकच प्रश्न विचारला. "समुदाय, सहकार्य, मूल्यं असल्या विषयावर काम करायचं आहे, पण त्यात मोजायचं नेमकं काय?" प्रश्न रास्त आहे. थेट उत्तर देण्यापेक्षा एक नमुना समोर घेऊन त्याची चिकित्सा करू, म्हणजे कुठे हात घालायचा आणि कुठे हात पोळतो ते दोन्ही दिसेल.

नमुना आहे मानवतावादी नैतिक मंडळांचा. इंग्रजीत यांना एथिकल सोसायटी म्हणतात. देव, प्रार्थना, परलोक यांपैकी कशाचाही आधार न घेता माणसांनी नियमित एकत्र यायचं, चांगलं कसं वागावं याचा विचार करायचा आणि जमेल तितकं तसं वागायचं, एवढीच कल्पना. लंडनची कॉनवे हॉल एथिकल सोसायटी आणि न्यूयॉर्कची सोसायटी फॉर एथिकल कल्चर ही त्यातली दोन जुनी नावं. अशा मंडळाची महिन्याची पत्रिका हातात घेतली तर काय दिसतं? रविवारी व्याख्यान, मग प्रश्नोत्तरं, मग चहा-कॉफी. मधल्या वारी वाचनमंडळ किंवा अभ्यासवर्ग. लंडनला रविवारी संध्याकाळी चेंबर संगीताची मैफल, जिची परंपरा १८८७ पासूनची आहे. विषय फार छान असतात. वाचूनच जावंसं वाटतं.

माझं मत आधीच सांगते. ही पत्रिका ऐकवण्यात श्रीमंत आहे आणि मागण्यात गरीब. महिन्याभरात ती तुमच्या कानांसाठी खूप काही करते, पण तुमच्याकडून काय हवं आहे हे क्वचितच सांगते. आणि या मंडळांचा अभ्यास करायला जाणारे आपण लोकही नेमकं तेच मोजतो जे पत्रिकेत ठळक छापलेलं असतं : विषय, वक्ता, उपस्थिती.

मुळात हे असं नव्हतं. फेलिक्स अ‍ॅडलर हा न्यूयॉर्कच्या टेंपल इमान्यू-एल या मोठ्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या रब्बीचा मुलगा. हायडेलबर्गहून डॉक्टरेट करून १८७३ साली परत आला, वडिलांच्या जागी त्याने बसावं अशी मंडळींची अपेक्षा होती, आणि पठ्ठ्याने तिथल्या प्रवचनात देवाचं नावच घेतलं नाही. रब्बी होणं तिथेच संपलं. १५ मे १८७६ ला त्याने जे भाषण केलं त्यातून एथिकल कल्चरची सुरुवात झाली. प्रार्थना नको, कर्मकांड नको, सभा साधी असावी, आणि कोण काय मानतो यापेक्षा कोण काय करतो याला महत्त्व असावं, असा त्या भाषणाचा रोख होता.

आता पुढच्या चार वर्षांचा हिशेब बघा. १८७७ मध्ये गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची योजना. १८७८ मध्ये मोफत बालवाडी. १८८० मध्ये कामगारांच्या मुलांसाठी शाळा. याच शाळेची पुढे एथिकल कल्चर स्कूल झाली आणि रॉबर्ट ओपेनहायमर तिथेच शिकला. (सिनेमा पाहिलेल्यांनी ही गोष्ट नोंदवून ठेवा, मौखिक परीक्षेत उपयोग नाही पण कॅन्टीनमध्ये आहे.) १९०४ मध्ये बालमजुरीविरोधी राष्ट्रीय समिती स्थापन झाली तेव्हा तिचं अध्यक्षपद अ‍ॅडलरकडे होतं. म्हणजे रविवारचं भाषण होतंच, पण ते ऐकून उठलेल्या माणसाला सोमवारी करायला काहीतरी ठरलेलं काम होतं. शाळेला पैसे हवेत, परिचारिकेला पत्ते हवेत.

लंडनची गोष्ट उलट दिशेने जाते आणि मला ती जास्त बोलकी वाटते. तिथल्या मंडळाचं मूळ १७८७ मधलं, म्हणजे पेशवाईतलं. सुरुवातीला ती ख्रिस्ती मंडळीच होती. फक्त पापी माणूस कायमचा नरकात जळत राहतो हे त्यांना पटेना. एकदा नरक सोडला की मग एकेक गोष्ट सुटत गेली. १८६४ मध्ये मॉन्क्युअर कॉनवे तिथे धर्मगुरू म्हणून आला. हा अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा, गुलाम बाळगणाऱ्या घरात जन्मलेला. १८६२ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, वडिलांच्या सुमारे ३० गुलामांना सोबत घेऊन त्याने त्यांना ओहायोत सुरक्षित पोहोचवलं होतं. असा माणूस व्यासपीठावर उभा राहून नीतीबद्दल बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. त्याच्या काळात प्रार्थनाही गेली.

१८८८ मध्ये अ‍ॅडलरच्या परिवारातला स्टँटन कॉइट लंडनला येऊन या मंडळाचा प्रमुख झाला आणि नाव बदलून साउथ प्लेस एथिकल सोसायटी झालं. हा न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत राहून तिथे १८८६ मध्ये नेबरहूड गिल्ड काढून आलेला गृहस्थ. तीनचार वर्षांतच तो आणि मंडळ वेगळे झाले. कॉइटला समूहगान हवं होतं, विधी हवा होता, चर्चसारखी बांधलेली मंडळी हवी होती. पुढे त्याने बेजवॉटर भागात खरोखरच एथिकल चर्च सुरू केलं. साउथ प्लेसने मात्र व्याख्यान, संगीत आणि मोकळी चर्चा हा रस्ता धरला. १९२९ मध्ये रेड लायन स्क्वेअरमध्ये कॉनवे हॉल बांधून झाला आणि मंडळ तिथे आलं, ते आजही तिथेच आहे.

या रस्त्याचा शेवट कुठे झाला ते १९८० च्या एका निकालात दिसतं. मंडळाला धर्मादाय संस्था मानायचं का, आणि मानायचं तर कशाच्या आधारावर, असा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात गेला. न्यायमूर्ती डिलन यांनी सांगितलं की हा धर्मप्रसार धरता येणार नाही, कारण धर्माचा संबंध माणूस आणि ईश्वर यांच्या नात्याशी आहे आणि नीतीचा माणसामाणसांतल्या नात्याशी. पण शिक्षण म्हणून धर्मादाय दर्जा मिळेल. मंडळाच्या दृष्टीने निकाल चांगलाच होता. पण जरा थांबून बघा. मंडळ स्वतःला नीतीचा समुदाय म्हणवतं, आणि बाहेरून तटस्थपणे बघणाऱ्याला ते शिक्षणसंस्था दिसतं. न्यायमूर्तींची नजर चुकली असं मला वाटत नाही. शिक्षणसंस्थेला श्रोते असले की पुरतं. समुदायाचं तेवढ्यावर भागत नाही.

आता व्याख्यानांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही चिकित्सा एकतर्फी होईल. प्रश्नोत्तरांचा जो तास असतो तो साधा नाही. कीर्तनात मध्येच उठून बुवांकडे पुरावा मागता येत नाही, इथे मागता येतो आणि मागणारा आगाऊ ठरत नाही. १९१० पासूनच्या कॉनवे स्मृती व्याख्यानांत बर्ट्रंड रसेल १९२२ मध्ये विचारस्वातंत्र्य आणि सरकारी प्रचार या विषयावर बोलला. सरकारने शाळेतून, पगारातून आणि वर्तमानपत्रांतून माणसाच्या डोक्यात काय भरायचं ते ठरवलं तर काय होतं, असा तो विषय. शंभर वर्षांनी तो जुना वाटत नाही हे दुर्दैव. पुरावा बघून मत बदलण्याची सवय हीसुद्धा नैतिक सवयच आहे आणि ती अशा सभांतून लागते, हे मी मान्य करते.

पण मराठी वाचकाला या प्रकाराची मर्यादा समजावून सांगायला नको. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ मध्ये, अ‍ॅडलरच्या भाषणाच्या एक वर्ष आधी. दीडशे वर्षांची सवय आहे आपल्याला. परतताना रस्त्यात काय बोलतो आपण? "आज रंगले नाहीत फारसे." "शेवटी घाई केली." "माइक खराब होता." आपण वक्त्याला गुण देतो. त्याने आपल्याला दिलेलं काम कुठल्या वहीत लिहिलं, हा प्रश्नच निघत नाही.

इथपर्यंत माझं मत झालं. आता संशोधन काय सांगतं ते बघू, कारण याच ठिकाणी विद्यार्थी घसरतात.

रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांचा २००३ चा एक अभ्यास आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत एकत्र राहणाऱ्या ८३ वसाहती त्यांनी घेतल्या, काही धार्मिक, काही धर्मनिरपेक्ष. प्रत्येक वसाहत आपल्या सदस्यांवर किती बंधनं घालते ते मोजलं : दारू, खाणंपिणं, कपडे, दागिने, ब्रह्मचर्य, बाहेरच्यांशी संपर्क वगैरे. आणि वसाहत किती वर्षं टिकली ते पाहिलं. धार्मिक वसाहतींत जितकी बंधनं जास्त तितकं आयुष्य जास्त. धर्मनिरपेक्ष वसाहतींत असा संबंध आढळला नाही. यामागचा सिद्धांत सोपा आहे. आषाढात पायी पंढरपूरला जाणारा माणूस शब्दाने काही सांगत नसला तरी त्याचे सुजलेले पाय सांगतात की हा फुकट्या नाही, याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. महाग पडणारी खूण खोटी करणं अवघड जातं.

हा निष्कर्ष वाचून लोक लगेच लिहून मोकळे होतात की देव नसलेला समूह माणसाकडून काही मागूच शकत नाही, म्हणून तो टिकत नाही. मी स्वतः एका सेमिनारमध्ये हे वाक्य जसंच्या तसं ऐकलं आहे, आणि कोणी हरकत घेतली नाही. या वाक्यात किमान तीन उड्या आहेत. एक तर डेटा चोवीस तास एकत्र राहणाऱ्या वसाहतींचा आहे, महिन्यातून चार सकाळी भेटणाऱ्यांचा नाही. दुसरं, धर्मनिरपेक्ष गटात संबंध आढळला नाही याचा अर्थ असा की तिथे बंधनांची संख्या आयुष्याबद्दल काही सांगत नव्हती. ते मागू शकत नाहीत, असं त्यातून निघत नाही. आणि तिसरी उडी सगळ्यात मोठी : टिकणं म्हणजे चांगलं असणं. अमानुष संस्थाही शतकानुशतकं टिकलेल्या आहेत, आपल्याला त्यासाठी लांब जावं लागत नाही.

शिवाय लंडनचं मंडळ स्वतःच या वाक्याला अडचणीत आणतं. प्रत्येक पिढीत एकेक बंधन टाकून देत ते १७८७ पासून आजवर आलं आहे. कसं काय? माझा अंदाज फार कोरडा आहे : इमारत. कॉनवे हॉलच्या खोल्या आणि सभागृह भाड्याने जातात, त्यावर संस्थेचा गाडा चालतो. तुम्ही टिकण्याचा अभ्यास करत असाल आणि तुमच्या टेबलात मालकीच्या जागेचा रकाना नसेल, तर श्रद्धेच्या नावावर जमा होणारा बराचसा परिणाम खरं तर मध्यवर्ती लंडनमधल्या जमिनीचा असू शकतो. सांख्यिकीत याला गोंधळात पाडणारा घटक म्हणतात. एम.एस्सी.ला आपण हे पाठ करतो आणि माणसांचा अभ्यास करताना विसरतो.

याच्याशी ताडून बघायला एक सोयीचं उदाहरण आहे. जानेवारी २०१३ मध्ये सँडरसन जोन्स आणि पिपा इव्हान्स या दोन विनोदी कलाकारांनी लंडनमध्ये संडे असेंब्ली सुरू केली. गाणी, छोटं भाषण, क्षणभर शांतता, चहा-केक, सगळं चर्चसारखं, फक्त देव नाही. म्हणजे कॉइटचीच कल्पना, शंभर वर्षांनी आणि हसतखेळत. गर्दी इतकी झाली की सभा कॉनवे हॉलमध्ये न्यावी लागली. काही वर्षांत अनेक देशांतल्या शहरांत शाखा निघाल्या आणि मग त्यातल्या बऱ्याच बंदही पडल्या. तेव्हा केवळ विधी परत आणला की काम झालं, असंही नाही.

या असेंब्लीवर माइकल प्राइस आणि जॅक लॉने यांचा २०१८ चा निबंध जरूर वाचा. तिथे जाणाऱ्यांच्या स्वास्थ्यात सहा महिन्यांत सुधारणा दिसते का, हा त्यांचा प्रश्न. दिसली. पण मला महत्त्वाचं वाटलं ते पुढचं : मुख्य सभेपेक्षा सभेबाहेरच्या अनौपचारिक भेटीगाठी आणि छोटे गट यांच्याशी हा संबंध जोडलेला दिसतो. नमुना छोटा आहे, लोक स्वतःहून आलेले आहेत, आणि ज्याला बरं वाटतं तोच जास्त भेटीगाठी घेतो ही उलटी शक्यताही उरतेच. तरी पत्रिकेत ज्या गोष्टीला एक ओळही मिळत नाही तीच काम करत असावी, ही शंका घेण्यापुरतं बळ या निबंधातून मिळतं.

देव नसला की मागता येत नाही, या वाक्याकडे पुन्हा वळते, कारण त्याचा प्रतिवाद आपल्या दारातच आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्याच पुलावर जमू लागले. वर्षानुवर्षं जमत राहिले. दोघांना शिक्षा आणि तिघांची निर्दोष सुटका असा निकाल यायला मे २०२४ उजाडला. हाही मासिक कार्यक्रमच. पण त्याची मागणी बघा : भर रस्त्यावर, जिथे आपला माणूस पडला तिथेच, आपण कोणाच्या बाजूचे आहोत हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं उभं राहायचं. अशा जागी उभं राहणं ही महाग खूण नाही तर काय?

इथे मला स्वतःलाच लगाम घालायला हवा. समिती ही एथिकल सोसायटी नाही. देवाधर्माला विरोध ही तिची भूमिका नाही, त्यांच्या नावावर होणाऱ्या शोषणाला विरोध ही आहे, त्यामुळे तिच्यात श्रद्धाळू माणसंही आहेत. ती चळवळ आहे, आणि चळवळीला समोर लढायला काहीतरी असतं. शोकातून आलेली शिस्त दुसऱ्या मंडळाला नमुना म्हणून देता येत नाही, कोणी तशी इच्छाही करू नये. आणि एका उदाहरणाने "कधीच नाही" हे विधान पडतं, "सरासरीने कमी" हे विधान पडत नाही. सिनॉप्सिसमध्ये लिहिताना हा फरक पाळा, गाईड नाही पकडणार पण बाहेरचे परीक्षक पकडतील.

मग मोजायचं काय? मी असते तर गैरहजेरीपासून सुरुवात केली असती. एखादा सभासद सलग तीन रविवार आला नाही तर कोणाच्या लक्षात येतं? फोन जातो का? कोण करतं? नुसत्या श्रोत्यांच्या सभेत रिकामी खुर्ची कोणाची आहे हे कोणालाच सांगता येत नाही. मग दुखण्याखुपण्याला काय होतं ते विचारा. दवाखान्यात डबा कोणी नेला, माणूस गेल्यावर घरी कोण थांबलं. देवळातली, मशिदीतली, चर्चमधली माणसं हे न सांगता करतात, आणि श्रद्धा सोडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. माझ्या ओळखीत असे लोक आहेत ज्यांचा विश्वास कॉलेजातच गेला, पण घरातल्या मयताच्या दिवशी कोण येईल या विचाराने ते गप्प राहिले. त्यांच्यासाठी रविवारचं उत्तम व्याख्यान हे उत्तर नाही. अ‍ॅडलरची घरोघर जाणारी परिचारिका कदाचित असती.

कॉनवे हॉलच्या ग्रंथालयात मंडळाच्या मासिकाचे जुने अंक आहेत, व्याख्यानांचे गोषवारे त्यात सापडतात, त्यामुळे विषयांची वर्गवारी घरबसल्या सुरू करता येईल. पण त्यात व्याख्यात्याचं नाव मिळेल, चहा कोणी केला ते मिळणार नाही. तेवढ्यासाठी मुलाखती लागतील, त्याही बहुधा साठीसत्तरीतल्या माणसांच्या, एकेका बैठकीला दोन-तीन तास देऊन. एथिक्स कमिटीचा अर्ज सिनॉप्सिसच्या आधीच भरायला घ्या, तो फिरून यायला सहा महिने लागतात.